हिंगोलीच्या हरीसिंगाचा रुमाल

माणसाच्या मानेत मणके सातच. जिराफाच्या लांबलचक मानेतही तितकेच! पण माणसाचे सारे आयुष्य या चिंचोळ्या वाटेने जाते. तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघणाऱ्या नसा श्वासपटल हलवतात. त्यांच्या वर मज्जारज्जू तुटला, की श्वास थांबतो. पुढच्या बाजूला मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या. त्या दाबल्या, तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि दाब तसाच राहिला तर काही मिनिटांत प्राण जातो. हाड मोडावे लागत नाही.

ठगांना ही विद्या रुमालाने साधली होती. १८३० च्या सुमारास निजामाच्या राज्यातील आमच्या हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या आपल्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याची हकिकत दिली आहे. मुंबईहून कापड आणण्याचा परवाना हरीसिंगाने सरकारातूनच काढला. ते कापड घेऊन मूळ मालक वाटेवर होता. त्याला व त्याच्या माणसांना मारून हरीसिंगाने तोच माल छावणीत उजळ माथ्याने विकला! पुढे माफीच्या साक्षीदारांनी दाखवलेल्या जागा खणल्या, तेव्हा पहारेकऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर, कोरड्या ओढ्यात, एकेका खड्ड्यात अनेक प्रेते निघाली. टेलर स्वतः तेथे हजर होता.

वाचकहो, खरा पेच येथून पुढे आहे. रुमालाचा फास मणक्यांवर सहसा खूण ठेवत नाही. मांस गेले की पुरावा गेला. उरते ती माफीच्या साक्षीदाराची जीभ, आणि तिला स्वतःचा गळा वाचवायचा असतो! १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे सिद्ध झाले, की जन्मठेप ठरवली. विशिष्ट खून शाबीत करण्याची गरज उरली नाही. या जबान्यांवर किती विसंबावे, हा वाद इतिहासकारांत आजही चालू आहे.

ज्यांना फाशी झाली, त्यांचा शेवटही विचार करण्याजोगा आहे. वजन पाहून खोल झोक देण्याची, म्हणजे मान मोडून तत्काळ मृत्यू घडवण्याची रीत इंग्लंडमध्ये मारवूडने १८७२ मध्ये सुरू केली. त्याआधी झोक आखूड असे. बहुधा गळा आवळूनच जीव जाई. म्हणजे रुमालाची शिक्षा दोरीने दिली, मरण मात्र तेच.

एवढे लिहूनही मला त्या कापडवाल्याच्या घरची माणसे अधिक आठवतात. प्रेत नाही, निरोप नाही. त्यांनी किती दिवाळ्या दारात पणती लावून वाट पाहिली असेल?