सर्वांत कमी दराची निविदा

ॲनी बेझंट म्हटलं की आपल्याला होमरूल चळवळ आठवते, 1917 च्या कोलकाता काँग्रेसचं अध्यक्षपद आठवतं, थिऑसॉफी आठवते. त्या हिंदुस्थानात आल्या 1893 मध्ये. त्याआधीच्या, लंडनमधल्या बेझंटबाई आपल्याकडे फारशा कोणाला ठाऊक नसतात. लोकांच्या करातून चालणाऱ्या संस्थेनं कोणाकडून माल घ्यावा, कोणाला कंत्राट द्यावं, या प्रश्नाच्या इतिहासात मात्र त्या अगदी सुरुवातीला भेटतात.

1888 चा उन्हाळा. पूर्व लंडनमधल्या बो भागात ब्रायंट अँड मे कंपनीचा आगकाड्यांचा कारखाना होता. 23 जूनला बेझंटबाईंनी ‘द लिंक’ या आपल्या छोट्याशा साप्ताहिकात तिथल्या मुलींची हकीकत छापली. सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला चार शिलिंग मिळत, आणि त्यातूनही क्षुल्लक कारणांसाठी दंड कापला जाई. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेनं जबड्याचं हाड कुजत असे, ते वेगळंच. जुलैत सुमारे 1400 मुली आणि बायका संपावर गेल्या आणि दोन आठवड्यांत जिंकल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या स्कूल बोर्डाची निवडणूक झाली. पार्लमेंटचं दार बायकांना बंद होतं, पण स्कूल बोर्डावर त्यांना 1870 पासून निवडून येता येई. टॉवर हॅम्लेट्स भागातून बेझंटबाई सर्वाधिक मतांनी निवडून आल्या. हे बोर्ड म्हणजे मोठं गिऱ्हाईक होतं. शाळांच्या इमारती, बाकं, पुस्तकं, कोळसा, छपाई, सगळ्याची कंत्राटं निघत. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. आपल्या नगरपालिकेत निविदा उघडताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही पद्धत नवी नाही.

बेझंटबाई आणि त्यांचे सहकारी स्ट्युअर्ट हेडलॅम यांचा मुद्दा होता, की हा दर कमी होतो कसा? वीट आणि लाकूड तर सगळ्यांना सारख्याच भावानं मिळतं. मग कात्री लागते ती मजुरीला. पोट न भरणाऱ्या त्या मजुराची मुलं उपाशीपोटी बोर्डाच्याच शाळेत येऊन बसतात. तो आजारी पडला की त्याला सांभाळण्याचा खर्चही करदात्यांवरच येतो. मग बचत झाली कोणाची? 1889 मध्ये बोर्डानं ठरवलं, की त्या धंद्यात रास्त मानली जाणारी मजुरी देणाऱ्यालाच काम द्यायचं. त्याच वर्षी नव्यानं निवडून आलेल्या लंडन काउंटी कौन्सिलनंही तोच मार्ग धरला.

कंत्राटदारांना हे रुचणं शक्यच नव्हतं. कौन्सिलनं पुढे अटी कडक केल्या. यॉर्क रोडच्या गटाराच्या कामासाठी तेव्हा दोनच निविदा आल्या, त्याही इंजिनियरच्या अंदाजापेक्षा कितीतरी चढ्या. कौन्सिलनं स्वतःच माणसं लावली आणि ते काम अंदाजापेक्षाही कमी पैशांत केलं, तेही पूर्ण मजुरी देऊन! पुढे कौन्सिलनं आपलं बांधकाम खातंच उघडलं.

1891 च्या फेब्रुवारीत सिडनी बक्स्टन यांनी असाच ठराव हाउस ऑफ कॉमन्समध्ये मांडून मंजूर करून घेतला. मात्र त्यात एक मोठी फट होती. त्या धंद्यात चालू असलेली मजुरी द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. जिथं कामगार संघटना मजबूत, तिथं हे ठीक. पण शिवणकाम करणाऱ्या बायकांची चालू मजुरीच उपासमारीची होती. म्हणजे ज्या कारखान्यातून हे सारं सुरू झालं, तिथल्यासारख्याच बायका बाहेर राहिल्या. त्यांच्यापैकी काहींना दिलासा मिळाला तो 1909 च्या कायद्यानं. त्या कायद्यानुसार तयार कपडे, कागदी खोकी, लेस आणि साखळ्या या चार धंद्यांत किमान मजुरी ठरवण्यासाठी मंडळं नेमली गेली.

कॉमन्सचा तो ठराव पुढे सुधारला गेला आणि 1983 पर्यंत टिकला. थॅचरबाईंच्या सरकारनं तो मोडीत काढला. 1988 च्या स्थानिक संस्था कायद्यानं तर कंत्राट देताना ठेकेदाराच्या कामगारांची मजुरी किंवा त्याचे परदेशातले व्यवहार पाहायलाच नगरपालिकांना मनाई केली. त्यामागे दक्षिण आफ्रिकेचा संदर्भ होता. वर्णभेदी राजवटीशी व्यवहार ठेवणाऱ्यांवर अनेक नगरपालिकांनी बहिष्कार घातला होता. लंडनच्या लुईशॅम नगरपालिकेनं शेल कंपनीचा माल नाकारला, तेव्हा कंपनीवर दबाव आणण्याचा तो हेतूच न्यायालयानं बेकायदा ठरवला. करदात्याचा पैसा म्हणजे केवळ हिशेबाचा आकडा, असं मानणारा हा काळ होता. मला तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत कोता काळ वाटतो.

पुन्हा सुरुवात झाली ती पूर्व लंडनमध्येच. 2001 मध्ये तिथल्या वस्त्यांमधल्या संघटनांनी, इस्पितळं आणि बँकांची साफसफाई करणाऱ्यांना जगण्यापुरतं वेतन मिळावं म्हणून मोहीम उघडली. 2005 मध्ये लंडनच्या महापौरांच्या कार्यालयानं असं वेतन किती असावं, याचा आकडा दरवर्षी काढायला सुरुवात केली. 2012 साली पार्लमेंटनं कायदा केला, की सेवा विकत घेताना त्यातून समाजाचं काय भलं होईल, याचा सार्वजनिक संस्थांनी विचार करावा. विचार करावा, एवढंच बंधन त्यात होतं. ठराविक मजुरी दिलीच पाहिजे, असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.