जुनापाण्याचीं शिलावर्तुळें

महाडजवळच्या वीर स्थानकावर उतरून जो गांधारपाल्याचीं लेणीं पाहावयास जातो, त्याला तेथें एक मोठा आधार सांपडतो: भिंतीवर लेख आहे, आणि लेखांत एका राजकुमाराचें नांव आहे. नांवावरून व लिपीवरून काळाचा अदमास करतां येतो. श्रोतेहो, आज ज्या स्थळाविषयीं बोलावयाचें आहे, तेथें असें एकही अक्षर नाहीं.

नागपूरहून काटोलच्या रस्त्यानें थोडें पुढें गेलें कीं जुनापाणी लागतें. माळावर मोठाल्या दगडांचीं सुमारें ३०० कडीं पसरलेलीं आहेत, व प्रत्येक कड्याच्या आंत मातीदगडांचा बसका ढीग असतो. गुराख्याला हें जुनें कुंपण वाटावें. परंतु हीं थडगीं आहेत, आणि तीं ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतील, लोखंड वापरणाऱ्या लोकांचीं.

एकोणिसाव्या शतकांत रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांतील कांहीं उकरलीं. मातीच्या भांड्यांबरोबर लोखंडी खंजीर व कुऱ्हाडी निघाल्या. त्याचें लक्ष विशेष वेधलें तें कांहीं दगडांवर कोरलेल्या वाटीएवढ्या खळग्यांनीं. तसेच खळगे युरोपांतील शिळांवर आहेत. तेव्हां दोन्हीकडचे लोक एकाच भटक्या वंशाचे असावेत, असा तर्क त्यानें लढविला. तर्क आकर्षक खरा, पण दगडाला खळगा पाडणें ही कांहीं एकाच वंशाची मिरास नव्हे! पुढें १९६१-६२ मध्यें भारतीय पुरातत्त्व खात्यातर्फे बा. के. थापर यांनीं येथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें, तेव्हां एका वर्तुळांत अश्वजातीच्या प्राण्याचे अवशेषही मिळाले. विदर्भांत माहुरझरीस अशींच थडगीं आहेत, आणि नायकुंडला तर त्या काळची लोखंड गाळण्याची भट्टीच सांपडली. भटक्यांहून हें चित्र वेगळें आहे.

हें स्थळ केंद्र सरकारनें संरक्षित केलेलें आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई, व त्यापुढें २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. किल्ला किंवा देऊळ असतें तर हद्द डोळ्यांना दिसली असती. येथें कमरेएवढाही उंचवटा नाहीं, आणि नागपूर शहर तर वाढतच आहे. दगड पायाला उपयोगी पडतो, मुरूम भरावाला. कांहीं संशोधकांनीं खळग्यांच्या दगडांच्या दिशा मोजून त्यांचा संबंध आकाशांतील ज्योतींशीं जोडून पाहिला आहे. ते बरोबर कीं चूक, हें पडताळावयाचें तर ते दगड जेथें रोंवले होते तेथेंच असावयास हवेत.