पेन्शनीनंतरची हजेरी

म्हैसूरच्या गोकुलम भागात सकाळी दोन तऱ्हांची माणसं भेटतात. एक म्हणजे काखेत चटई घेतलेले परदेशी. के. पट्टाभि जोईस यांच्या अष्टांग योगामुळे हा भाग जगाला माहीत झाला. दुसरी, फिरून घरी निघालेली निवृत्त मंडळी. म्हैसूरला पेन्शनरांचं नंदनवन म्हणतात ते उगीच नाही. रेल्वे आहे, बँका आहेत, महाविद्यालयं आहेत, जवळच्या चेलुवांबा महालात १९५०पासून केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस साठीला घरी बसतो, तेव्हा त्याच्या हातातलं कसब काही निवृत्त होत नाही. त्यातला एखादा कुठल्याशा शाळेचे, दवाखान्याचे हिशेब लावून देतो, बांधकामाचा अंदाज तपासून देतो, पैसा न घेता. ही रीत आली कुठून?

मला तिचा माग गोकुलमजवळून जाणाऱ्या केआरएस रोडवर सापडतो. हा रस्ता ज्या कृष्णराजसागर धरणाकडे जातो, त्याच्यामागे उभे असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनियर झाले ते पुण्यात. पुणंही पेन्शनरांचंच गाव. १८८३ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. सुरुवातीची नेमणूक नाशिक-खानदेशात. धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्राखालून नळ टाकून कालव्याचं पाणी पलीकडे न्यायचं होतं. पाणी नळातून खाली उतरतं आणि आपल्याच दाबाने पलीकडे वर चढतं. कागदावर हे सोपं. पांझरेच्या पात्रात वाळू, वर पावसाळी दिवस. विशी ओलांडलेल्या त्या पोराने नदीकाठी उभं राहून ते काम पुरं केलं. ही जागेवर उभं राहण्याची सवय त्यांना जन्मभर पुरली.

१९१८च्या अखेरीस त्यांनी म्हैसूरची दिवाणगिरी सोडली. त्यापुढची त्रेचाळीस वर्षं मला त्यांच्या धरणांहून जास्त मोलाची वाटतात. भद्रावतीचा लोखंड कारखाना डबघाईला आला होता, तो त्यांनी सावरला. त्या कामाचा मोबदला स्वतः न घेता बंगळुरात कारागीर घडवणाऱ्या शिक्षणसंस्थेसाठी लावायला सांगितला. महानदीच्या पुरांनी ओडिशा हैराण झाला, तेव्हा गांधीजींच्या विनंतीवरून ते तिकडे गेले. १९५२च्या सुमाराला, नव्वदी गाठल्यावर, गंगेवर पूल कुठे बांधावा हे ठरवायला ते बिहारात गेले. मोकामाचा तो पूल १९५९ साली खुला झाला. घरबसल्या नकाशे मागवून मत कळवलं असतं तरी कोण बोलणार होतं? पण ते गेले.

विश्वेश्वरय्या एकटेच आकाशातून पडले नव्हते. ज्या पुण्यात ते शिकले, तिथे ही हवा आधीपासून होती. १८७०मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेचं डोकं झाले. ते सरकारी नोकरीत होते, म्हणून पडद्याआड राहून काम करायचे. १८७६-७७च्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसं पाठवली. पीक किती बुडालं, माणसं कुठे निघाली, याची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. पगार सरकारचा, पण अक्कल लोकांच्या कामाला. मानद सल्लागाराचं हे आपल्याकडचं जुनं रूप म्हणायला हरकत नाही.

दुसरी रीत जास्त कडक होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं द्यायची, महिना पंचाहत्तर रुपयांवर. त्यांतले गोपाळ कृष्ण गोखले १९०२मध्ये सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचं वय छत्तीस आणि पेन्शन महिना तीस रुपये. तीन वर्षांनी त्यांनी भारत सेवक समाज काढला. इथे माणूस संस्थेला फावला वेळ देत नव्हता, सगळा जन्म देत होता. तेवढं सगळ्यांना कसं जमावं? म्हणून पुढे मधली वाट रूढ झाली. संसार करायचा, नोकरी करायची आणि संस्थेत ‘मानद चिटणीस’ म्हणून सह्या करायच्या. गावोगावच्या वाचनालयांच्या भिंतींवरच्या नावांच्या पाट्या या वाटेच्याच आहेत. त्या पाट्यांवरची किती माणसं खरंच राबली आणि किती नुसती नावाला होती, हा प्रश्न मात्र तेव्हापासून आपल्यामागे लागलेला आहे.

१९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने देवळापासून शाळेपर्यंत सगळ्यांना हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारक केलं. गावातल्या पेन्शनर हेडक्लार्कची किंमत त्या दिवशी वाढली. त्याच सुमाराला प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते आणि त्याचं अध्यक्षपद धनंजयराव गाडगिळांकडे होतं. गाडगीळ निवृत्त नव्हते, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. पण अर्थशास्त्रज्ञ उसाच्या फडापर्यंत गेला की काय घडतं, ते महाराष्ट्राने तिथे पाहिलं.

परदेशात याच गोष्टीची घडी बसली ती नंतर. १९६४मध्ये अमेरिकेत छोट्या धंद्यांना सल्ला देणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांची संघटना निघाली, १९७८मध्ये नेदरलँड्समध्ये आणि १९८३मध्ये जर्मनीत निवृत्त तज्ज्ञांना परदेशी पाठवणाऱ्या संस्था निघाल्या. काम नेमकं, मुदत ठरलेली, फी नाही, परदेशी गेलेल्याच्या राहण्या-जेवण्याची सोय मात्र यजमानाकडे. या शिस्तीत आपण घेण्यासारखं पुष्कळ आहे.

आपल्याकडे पुरवठा अचानक वाढला तो २०००-०१मध्ये. सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत लाखभर माणसं एकदम बाहेर पडली, त्यांतली कित्येक पन्नाशीतली, तब्येतीने धडधाकट. गरजही वाढतच गेली. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करायला लावला. तो पैसा मागायचा तर प्रकल्प-अहवाल हवा, ताळेबंद हवा. २०२०मध्ये परदेशी देणग्यांतून कार्यालयीन खर्च करायची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. करसवलतीच्या नोंदणीचं ठरावीक वर्षांनी नूतनीकरण आलं. दहा कार्यकर्त्यांची संस्था पगारी सीए ठेवणार कशातून? तिच्याकडे तळमळ आहे, पण व्हाउचरच्या फायली अर्धवट आहेत. अशा वेळी निवृत्त बँकवाला देवासारखा वाटतो.

पण देव व्हायला येऊ नये. त्याने आधी संस्थेचं काम बघायला जावं. याचं जिवंत उदाहरण पुन्हा धुळे जिल्ह्यातच आहे. भूजल सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्यात २००४पासून तिथले तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल यांच्या साथीने नाले रुंद आणि खोल केले, त्यांवर छोटे सिमेंट बंधारे बांधले, कोरड्या विहिरींत पाणी सोडलं. तापीकाठच्या गाळात चिकणमातीचे थर असतात, पाणी त्यातून खाली मुरत नाही. ते थर फोडले तर मुरतं. जमिनीच्या पोटात काय आहे हे नोकरीत वर्षानुवर्षं बघितलेल्या माणसालाच हे सुचणार. पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव झालं आणि कातळाच्या गावांतही नुसते नाले खरवडायची लाट आली. त्यावर जाणकारांनी आक्षेप घेतले, ते मला रास्त वाटतात. तापीच्या गाळाचं औषध दख्खनच्या काळ्या दगडाला कसं लागू पडेल? तिथल्या जमिनीकडे कुणी बघितलंच नव्हतं.

हे वाचणाऱ्यांत कुणी नुकते निवृत्त झालेले असतील, तर त्यांना एक विनंती. जवळची एखादी संस्था निवडा आणि पहिले दोन महिने काहीही सुचवू नका. तिच्या शाळेत, दवाखान्यात, पाड्यावर जाऊन बसा, फायली चाळा, कार्यकर्त्यांबरोबर जेवा. मग एकच काम अंगावर घ्या, त्याची तारीख ठरवा, ते पुरं करा आणि ते पुढे चालवणारा एक तरुण मागे ठेवा. पाटीवर नाव लावायला कुणी आलं, तर नको म्हणा.