जन्मजात गुन्हेगार? खानदेशातील भिल्ल पलटणीची साक्ष

१/ इ.स. १८२५. अमळनेरच्या पूर्वेस असलेल्या धरणगावी जेम्स आउट्राम हा बावीस वर्षांचा इंग्रज लेफ्टनंट एका अवघड कामगिरीवर रुजू झाला. कंपनी सरकारचे अधिकारी ज्या भिल्लांना पिढीजात लुटारू म्हणत, त्यांच्यातूनच त्याला पलटण उभी करायची होती. माणसाचे वर्तन रक्ताने ठरते की परिस्थितीने, या वादात या पलटणीची साक्ष महत्त्वाची आहे.

२/ प्रथम त्याआधीचा काळ पाहू. खानदेशातील अनेक गावांत भिल्ल हे जागले होते. गावाची राखण करणे आणि चोराचा माग काढणे ही त्यांची जबाबदारी. त्याच्या मोबदल्यात गावाकडून त्यांना धान्याचा ठरलेला हक्क मिळत असे.

३/ १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला आणि गावेच्या गावे ओस पडली. गावच उरले नाही, तर जागल्याला हक्क कोण देणार? अनेक भिल्लांनी सातमाळा आणि सातपुड्याचा आश्रय घेतला. पोटासाठी वाटमारी सुरू झाली. १८१८ मध्ये खानदेश हाती आला, तेव्हा इंग्रजांना दिसला तो हा भिल्ल. त्याआधीचा जागल्या त्यांच्या नजरेतून बव्हंशी निसटला.

४/ पहिली काही वर्षे लष्करी मोहिमांत गेली. एक नायक पकडला की दुसरा उभा राही. अखेर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, १८२५ मध्ये, धोरण बदलले आणि तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. शेती करू इच्छिणाऱ्यांना जमीन, बैल आणि बियाण्यासाठी तगाई. लढवय्यांना पलटणीत नोकरी.

५/ आउट्रामची सुरुवातही हल्ल्यानेच झाली. मात्र पुढे पकडलेल्या भिल्लांमार्फत त्याने इतरांशी संधान बांधले, त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारी केल्या आणि विश्वास मिळवला. काही वर्षांतच ही पलटण पहारे देऊ लागली, दरोडेखोरांचा पाठलाग करू लागली. माणसे तीच होती, रक्तही तेच होते. बदलले होते ते पोटापाण्याचे साधन आणि समाजातील स्थान.

६/ याला परोपकार समजण्याचे कारण नाही. सत्तेला स्वस्तात शांतता हवी होती. शिवाय ही शांतता किती सशर्त होती, हे खाज्या नाईक यांच्या चरित्रातून दिसते. सेंधव्याच्या घाटवाटेची राखण करणारा हा सरकारी नोकर १८५७ मध्ये त्याच सरकारविरुद्ध उठला. एकाच माणसाच्या आयुष्यात राखणदार आणि बंडखोर या दोन्ही भूमिका आल्या.

७/ एवढा अनुभव गाठीशी असूनही १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. समर्थकांचा युक्तिवाद असा, की सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर. प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी अशा जमातींच्या नशिबी नोंदवही, हजेरी आणि परवाना आला.

८/ या कायद्याच्या पोटातच एक विसंगती होती. १८९७ च्या दुरुस्तीने अशा जमातींची मुले आईवडिलांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभा दिली. गुन्हा रक्तातच असेल, तर मुलाला दुसऱ्या घरी ठेवून काय साधणार? आणि तो संगतीतून येत असेल, तर तान्ह्या बाळावर जन्मतःच शिक्का का?

९/ १८७१ मध्ये ‘जीन’ हा शब्दही नव्हता; तो १९०९ चा. मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग विस्मृतीत पडले होते. कायदा करणाऱ्यांच्या लेखी ‘आनुवंशिक’ म्हणजे रक्त, जात, धंदा आणि चालीरीती यांची सरमिसळ. सुताराच्या मुलाला बापाकडून वाकस मिळतो, पण तो जनुकांतून येत नाही.

१०/ मग जनुकांचा काहीच वाटा नाही का? आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून स्वभावातील फरकांवर आनुवंशिकतेचा प्रभाव स्पष्ट दिसतो. मात्र व्यक्ती-व्यक्तींमधील फरकाचे कारण समूहा-समूहांमधील फरकाला लावता येत नाही. कापसाच्या सरमिसळ सरकीचे एकच पोते घ्या. निम्मी सरकी तापीकाठच्या काळ्या जमिनीत पेरा, निम्मी मुरमाड माळावर. एकाच वावरातील दोन झाडांत फरक पडेल तो बियाण्यामुळे. पण दोन वावरांतील पिकात फरक पडेल तो जमिनीमुळे.

११/ शिवाय बियाणे आणि जमीन परस्परांवर अवलंबून असतात. न्यूझीलंडमधील डनेडिन येथील मुलांवरील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बालपणी छळ सोसलेल्या मुलग्यांपैकी विशिष्ट जनुकप्रकार असलेल्यांत समाजविघातक वर्तन अधिक आढळले. छळ नसेल, तर त्याच जनुकप्रकाराचा तसा परिणाम दिसला नाही. पुढील सर्वच अभ्यासांनी या निष्कर्षाला दुजोरा दिला नाही. म्हणजे जनुक हा फार तर कल असतो, विधिलिखित नव्हे. आणि तो कलही मोजणे सोपे नाही.

१२/ ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. कायदा गेला, तरी संशय गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली नजर आजही पारध्यांच्या पालाकडे वळते आणि तेथे वाढणाऱ्या मुलाच्या भोवतालात तो संशयही असतो.

१३/ जागल्याचा हक्क बुडाला तेव्हा भिल्ल डोंगरात गेला. पगार मिळाला तेव्हा पहाऱ्यावर उभा राहिला. धरणगावच्या पलटणीने हे १८७१ च्या कितीतरी आधी दाखवून दिले होते. कायदा लिहिणाऱ्यांनी त्याच राजवटीची दप्तरे उघडली असती, तरी पुरेसे होते.