मरीचे दिवस आणि आपल्या गल्लींतले क्रूस

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त स्मरणिका काढावयाचें ठरलें, तेव्हां संपादकमंडळानें आम्हांस देवळाच्या इमारतीचा इतिहास लिहिण्याची आज्ञा केली. आम्ही त्या कामास लागलोंही; परंतु जुन्या वह्या चाळतां चाळतां आमचें लक्ष भलतीकडेच गेलें. मृतांच्या नोंदवहींतील १८९७ सालचीं पानें उघडलीं, आणि तीं लवकर मिटवेनात. एरवीं ऐसपैस, सुबक अक्षरांत लिहिणाऱ्या त्या वेळच्या धर्मगुरूंचें अक्षर या पानांवर दाटून आलें आहे, ओळी वांकड्या झाल्या आहेत, आणि एका आडनांवाखालीं तेंच आडनांव पुनःपुनः आलें आहे. इमारतीचा इतिहास दुसरा कोणी लिहील. आम्ही येथें त्या दिवसांची हकीकत सांगणार आहों; कारण त्यांतली कांहीं आम्हांस स्वतःला अलीकडेच भोगावी लागली.

गांठीचा ताप मुंबईंत प्रथम दिसला तो मांडवीच्या बाजूस, धान्याच्या वखारींभोंवतालच्या दाट वस्तींत. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं तेथील रोगी पाहिले, हा प्लेगच होय असें ओळखलें, आणि म्युनिसिपालिटींत तें उघडपणें सांगितलें. गोव्यांतील हडफडें गांवीं जन्मलेले, मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले हे गृहस्थ आपलेच धर्मबंधु. ती वार्ता शहरास नको होती. मुंबईचें सर्व वैभव बंदरावर. प्लेगचें नांव निघालें कीं परदेशचीं बंदरें आपल्या जहाजांस दार लावणार, हें व्यापारी व अधिकारी दोघेही जाणून होते. परंतु खरा रोग खोट्या नांवानें बरा होत नाहीं, आणि थोड्याच दिवसांत सरकारासही तें नांव उच्चारावें लागलें. पुढें १९०६ सालीं हेच डॉक्टर म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. धोबीतलावास मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आम्ही तरुणपणीं त्या पुतळ्याखालून शेंकडों वेळां गेलों असूं. तो कोणाचा, हें विचारण्याची बुद्धि फार उशिरां झाली.

रोगाचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें येर्सिन यांनीं शोधला होता. पण तो माणसाच्या अंगांत शिरतो कसा, हें कोणास उमगलें नव्हतें. उंदराच्या अंगावरील पिसवेकडे बोट दाखविणारे सिमों हे कराचीस १८९८ सालीं आपला प्रयोग करीत होते, आणि त्यांच्यावर विश्वास बसावयास आणखी कित्येक वर्षें गेलीं. तोंवर मुंबईनें शत्रु हवेंत, ओलींत आणि घाणींत शोधला. गटारांतून समुद्राचें पाणी व कार्बोलिक सोडलें गेलें. भिंतींस चुना लागला, गंधकाची धुरी झाली, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावें म्हणून छपरांचीं कौलें उतरविलीं गेलीं. ज्या घरांत रोगी सांपडला त्या घरावर रंगानें वर्तुळ काढून तारीख लिहीत. रोग्याचें अंथरूण, चिंध्या, कित्येकदां सारें किडूकमिडूक रस्त्यांत जाळीत. उंदीर मात्र वखारींत मरून पडत होते, आणि तें दृश्य सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें.

लोक शहर सोडूं लागले. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या आरंभीं त्यांतील जवळ जवळ निम्मी माणसें निघून गेल्याचा अंदाज होता. कोंकणच्या आगबोटी, पुण्याकडील व गुजराथेकडील आगगाड्या भरून वाहत होत्या. मांडवीच्या पेढ्यांस कुलुपें लागलीं. गिरण्यांत हात मिळेनात, तेव्हां मालकांचीं माणसें नाक्यानाक्यावर उभीं राहून मजुरीची बोली वाढवीत आणि एकमेकांचे कामगार ओढून नेत. महिन्याच्या पगारावर राबणारा कामगार एकाएकीं रोजची मजुरी रोज मागूं लागला. शहरानें त्याची किंमत इतक्या उघडपणें पूर्वीं कधीं केली नव्हती. पुढें भय ओसरल्यावर पुष्कळ लोक परतले, तरी १९०१ सालीं गणती झाली तेव्हां आंकडा ७,७६,००६ च भरला. २०२० सालच्या उन्हाळ्यांत डोक्यावर गांठोडें व कडेवर मूल घेऊन महामार्गानें निघालेल्या बायाबापड्यांस ज्यांनीं पाहिलें, त्यांस हें चित्र नवें वाटणार नाहीं. फरक इतकाच, कीं १८९७ सालीं स्टेशनावर अंग तपासून कां होईना गाडींत बसूं देत. २०२० सालीं पहिले कित्येक आठवडे गाडीच नव्हती.

आतां कायद्याविषयीं. १८९७ च्या ४ फेब्रुवारीस सांथीच्या रोगांचा कायदा झाला. तो अवघ्या चार कलमांचा. पण त्या चार कलमांत सरकारास वाटेल तें करण्याची मोकळीक होती. मार्चांत जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली गेली. घरोघर झडत्या सुरू झाल्या, रोग्यांस इस्पितळांत व त्यांच्या घरच्यांस छावणींत नेऊं लागले. हाच कायदा १२३ वर्षांनीं, मार्च २०२० मध्यें, महाराष्ट्र सरकारनें पुनः लागू केला, हें आमच्या तरुण वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

लोकांस रोगापेक्षां इस्पितळाचें भय अधिक वाटे. कमिटी येण्यापूर्वींच, ऑक्टोबर १८९६ मध्यें, रोग्यांस सक्तीनें हलविण्याचा हुकूम निघाला होता. त्या महिन्याच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली, आणि म्युनिसिपालिटीस तो हुकूम सैल करावा लागला. पुण्यास रँड साहेबांवर २२ जून १८९७ रोजीं गोळी झाडली गेली, ती कथा सर्वांस पाठ आहे. मुंबईंत मार्च १८९८ मध्यें मदनपुऱ्यांत एका विणकराच्या घरांतील आजारी मुलीस तपासण्यावरून दंगा पेटला व शहरभर पसरला. या साऱ्यास अडाणीपणा म्हणून सोडून देणें सोपें आहे, आणि त्या वेळच्या इंग्रजी अहवालांनीं बहुधा तसेंच केलें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. इस्पितळांत गेलेलें माणूस क्वचितच परत येई; जो गेला त्याचे डोळे मिटावयास, तोंडांत पाणी घालावयास आपलें कोणी जवळ नसे; प्रेत कोणीं उचललें, कोणत्या विधीनें त्याची वाट लावली, हें कळण्यास मार्ग नसे. लोक रोगी माळ्यावर लपवीत, तें मरण लपविण्याकरितां नव्हे. तें एकाकी होऊं नये म्हणून. सरकारासही हें हळूहळू समजलें. निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांनीं आपापलीं इस्पितळें काढलीं, त्यांत घरचीं माणसें जवळ राहूं लागलीं, आणि जे सोजिरांच्या धाकानें बाहेर येत नव्हते ते रोगी आपण होऊन येऊं लागले.

आपल्या लोकांची स्थिति आणखीच चमत्कारिक होती. मुंबईच्या कॅथोलिकांवर त्या काळीं दोन अधिकार चालत. कांहीं देवळें पोर्तुगीज पाद्रोआदाखालीं दमणच्या बिशपांच्या ताब्यांत, कांहीं प्रोपागांदाखालीं मुंबईचे आर्चबिशप डालहॉफ यांच्या ताब्यांत. शेजारशेजारच्या देवळांत, कधीं एकाच घराण्यांत, हा भेद पिढ्यान् पिढ्या धुमसत राहिला आणि १९२८ सालच्या करारानें मिटला. मरीनें तो भेद मानला नाहीं. वाडींतील एका घरीं तापाचा रोगी निघाला कीं अंतिमाभ्यंगास जो धर्मगुरु जवळ असेल त्यास बोलवीत. दार ठोठावणाऱ्यास ‘तूं कोणाचा?’ असें विचारण्यास सवड नव्हती.

आणि याच वर्षांत व त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत गिरगांव, माझगांव, बांद्रें येथील वाड्यांत व गल्ल्यांत ठिकठिकाणीं क्रूस उभे राहिले. पुष्कळांच्या चौथऱ्यांवर सालें कोरलेलीं आहेत. कोठें मरी टळावी म्हणून, कोठें ती टळली म्हणून, वाडीनें पैसा पैसा गोळा करून ते उभारले, अशी आमच्या वडीलधाऱ्यांची सांगी. संत सेबास्तियन आणि संत रॉक यांचा धांवा त्या क्रुसांपुढें होई. संध्याकाळीं माळ म्हणत, लदीन गात, आणि लदीन संपल्यावर उकडलेले चणे वांटीत. लोक देवळांत दाटीनें बसावयास भीत होते. क्रूस उघड्यावर होता.

येथें आम्हांस मिलान शहराचें स्मरण होतें. १५७६ सालीं त्या नगरींत प्लेग आला, लोकांस घरांत कोंडलें गेलें, तेव्हां तेथील आर्चबिशप संत कार्लो बोरोमेओ यांनीं चौकाचौकांत वेद्या मांडवून मिस्सा करविला, म्हणजे खिडकींत उभें राहून प्रत्येकास तो पाहतां यावा. आमच्या वाड्यांतील कोळी, शेतकरी व कारकून मंडळींस मिलानची ही गोष्ट कोणी सांगितली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांस ती आपली आपण सुचली.

दुसरी एक गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते. ओडेसाचे डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस मुंबईंतच, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा जागेंत, तीन महिन्यांच्या अहोरात्र श्रमानें तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांतील कैदी आपखुशीनें पुढें झाले. आगाखानांनीं चारचौघांत टोंचून घेतलें, तेव्हां त्यांच्या अनुयायांची भीड चेपली. १८९९ सालीं या प्रयोगशाळेस परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत जागा मिळाली, आणि आज त्या संस्थेस हाफकिन यांचेंच नांव आहे. तो वाडा गव्हर्नरांचा होण्यापूर्वीं जेझुइट धर्मगुरूंचा मठ होता, व त्यांतील मोठा दिवाणखाना हें त्यांचें प्रार्थनामंदिर. जेथें एकेकाळीं मिस्सा होई, मग नाचरंग व मेजवान्या झाल्या, तेथेंच अखेरीस एका यहुदी शास्त्रज्ञानें कोट्यवधि लोकांसाठीं लशीच्या कुप्या भरविल्या. आमच्या दृष्टीनें ती वास्तु पुनः पवित्र झाली.

आतां आमच्या स्वतःच्या दिवसांकडे वळतों. मार्च २०२० मध्यें देवळाचीं दारें बंद झालीं, तीं १६ नोव्हेंबरास उघडलीं. पुढील वर्षीं दुसरी लाट आली आणि पुनः बंद झालीं, तीं ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. रिकाम्या बांकांपुढें मिस्सा करणें म्हणजे काय, हें कोणत्याही सेमिनरींत शिकवीत नाहींत. पहिल्याच दिवसांत, ३० मार्चास, या रोगानें मेलेल्या सर्वांचें, धर्म कोणताही असो, दहनच करावें असें परिपत्रक निघालें. तें त्याच दिवशीं बदललें, पण तेवढ्या कांहीं तासांत आमच्या दूरध्वनीची घंटा थांबली नाहीं. ‘फादर, आईला जाळतील का हो?’ विचारणारांच्या आया तेव्हां जिवंत होत्या. १८९७ सालच्या माळ्यांवर रोगी कां लपले, हें आम्हांस त्या दुपारीं कळलें.

एक गोष्ट येथें लिहून ठेवणें आम्हांस भाग आहे. त्या वर्षीं मे महिन्यांत आपल्या धर्मग्रामांतील एक वृद्ध विधवा इस्पितळांत वारली. तिचा मुलगा घरांतच अडकलेला. इमारतीच्या दारास दोर बांधलेला. शव कामगारांनीं परस्पर स्मशानभूमींत आणलें. आम्हांस आंत जाण्याची मुभा होती. नखशिखांत झांकणारा तो पांढरा पोशाखही आमच्या हातांत दिला होता. आम्ही तो घातला नाहीं. फाटकाबाहेर उभें राहून प्रार्थना म्हटल्या व परत आलों. आमचें वय पन्नाशीच्या घरांत, रक्तांत साखर. कारणें पुष्कळ होतीं, आणि वरिष्ठांपैकीं कोणीही आम्हांस दोष दिला नाहीं. महिन्याभरानें मुलगा भेटावयास आला. त्यानें एवढेंच विचारलें, ‘फादर, मातीवर पवित्र पाणी तुम्हीच शिंपडलंत ना?’ आम्हांस खरें उत्तर द्यावें लागलें. तो थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

म्हणून १८९७ सालचीं तीं पानें मिटवेनात. त्या प्रत्येक नोंदीखालीं, वांकड्या ओळींत कां होईना, दफन करणाऱ्या धर्मगुरूची सही आहे, आणि ती एकाच हाताची आहे. त्यांस पोशाख नव्हता, लस नव्हती, उंदराचें व पिसवेचें ज्ञान नव्हतें. ते प्रत्येक वेळीं फाटकाच्या आंत गेले.

आपल्या धर्मग्रामांतील जुन्या क्रुसांपैकीं एक आतां गटाराच्या झांकणाशेजारीं, दोन वाहनांच्या मध्यें उभा आहे. त्याच्या चौथऱ्यावर रंगाचे इतके थर बसले होते कीं साल दिसत नव्हतें. गेल्या एप्रिलांत वाडींतील मुलांनीं तो रंग ओल्या चिंध्यांनीं व लांकडी पट्ट्यांनीं हलकेच खरवडून काढला. खालून १८९७ हे आंकडे निघाले. मे महिन्यांतील क्रुसाच्या सणास तेथें लदीन झाली, तेव्हां २०२० व २०२१ सालीं ज्यांच्या दफनास किंवा दहनास घरचें कोणी हजर राहूं शकलें नाहीं त्यांचीं नांवें आम्हीं मोठ्यानें वाचलीं. त्या वृद्ध बाईंचें नांव आलें तेव्हां तिचा मुलगा गर्दींत मागें उभा होता. आम्हीं पवित्र पाण्याचें भांडें त्याच्या हातीं दिलें. त्यानें चौथऱ्यावर पाणी शिंपडलें, भांडें आम्हांस परत केलें, आणि मग मुलांनीं नेहमींप्रमाणें चणे वांटावयास घेतले.