सेलम (मॅसॅचूसेट्स)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मॅसॅचूसेट्स राज्यातील ऐतिहासिक शहर व जुने बंदर. लोकसंख्या ४४,४८० (२०२०). हे बॉस्टनच्या ईशान्येस सुमारे २५ किमी.वर अटलांटिक किनाऱ्यावर वसले असून बॉस्टनहून आगगाडीने अर्ध्या तासात पोहोचता येते. तमिळनाडूतील सेलम वेगळे. मूळ रहिवासी या जागेला नॉमकीग म्हणत. केप ॲन येथील मासेमारीची वसाहत फसल्यावर रॉजर कोनंट सोबत्यांसह १६२६ मध्ये येथे आला. १६२९ मध्ये सेलम हे नाव मिळाले, तर शहराचा दर्जा १८३६ मध्ये.

सेलमचे नाव जगभर झाले ते १६९२ च्या चेटूक-खटल्यांमुळे. प्रकरणाला तोंड फुटले सेलम व्हिलेज या शेजारच्या खेड्यात. ते आज डॅन्व्हर्स नावाचे स्वतंत्र गाव आहे. खटले मात्र सेलममध्ये चालले. ‘आरोपीचे भूत येऊन मला छळते’ ही साक्षही न्यायालयाने ग्राह्य धरली. १४ स्त्रिया व ५ पुरुष फासावर गेले. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने आरोपाला उत्तर द्यायचेच नाकारले, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचून त्याला चिरडण्यात आले. आणखी काही जण तुरुंगात मेले. कबुली देऊन तिच्यावर ठाम राहिलेल्या कोणालाही फाशी झाली नाही; मेले ते गुन्हा नाकारणारे. येथे चेटकिणींना जाळल्याचा समज सार्वत्रिक असला, तरी एकालाही जाळलेले नाही. शेवटची राहिलेली दोषी, एलिझाबेथ जॉन्सन, हिला राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये निर्दोष ठरवले. त्यामागे एका शाळेतील आठवीच्या मुलांचा पाठपुरावा होता.

या प्रकरणाशी प्रत्यक्ष संबंध असलेली एकच वास्तू शहरात उभी आहे : न्यायाधीश जॉनथन कॉर्विन याचे घर. त्यात एकही ‘चेटकीण’ कधी राहिली नाही, तरी ते ‘विच हाउस’ म्हणूनच ओळखले जाते. रस्ता रुंद करताना ते पाडण्याऐवजी सुमारे १० मी. मागे सरकवण्यात आले व १९४८ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. चार्टर स्ट्रीट दफनभूमीला (१६३७) लागून १९९२ चे स्मारक आहे. दगडी कुंपणभिंतीतून बाहेर आलेल्या २० ग्रॅनाइट बैठका, प्रत्येकीवर एक नाव, मृत्यूचा प्रकार व तारीख, एवढीच त्याची मांडणी. प्रवेशाच्या पायदगडांवर आरोपींचे निर्दोषत्वाचे उद्गार कोरले असून भिंतीशी येताच ते वाक्याच्या मध्येच तुटतात. शहरातील पाहण्याजोगे असे हे पहिले स्थळ. फाशीची नेमकी जागा २०१६ मध्ये निश्चित झाली. प्रॉक्टर्स लेज नावाचा तो उतार वस्तीत, एका औषधाच्या दुकानामागे आहे.

सेलम विच म्यूझियम (१९७२) जुन्या चर्चच्या इमारतीत असून त्याला संग्रहालयापेक्षा देखावा म्हणणे योग्य. समोर उंच टोपी व झग्यातला कोनंटचा पुतळा (१९१३) आहे. पुष्कळ पर्यटक त्यालाच मांत्रिक समजून छायाचित्रे काढतात. वास्तविक कोनंट खटल्यांच्या १३ वर्षे आधीच वारला होता. दूरचित्रवाणी मालिकेतील एका विनोदी चेटकिणीचा पुतळाही २००५ पासून भर चौकात आहे. ऑक्टोबरातील उत्सव १९८२ मध्ये सुरू झाला. अलीकडे त्या एका महिन्यात दहा लाखांवर लोक येतात.

सेलमचे खरे वैभव समुद्रावरचे. १७९० च्या जनगणनेत हे देशातील सहाव्या क्रमांकाचे शहर होते (लोकसंख्या ७,९२१). एलायस हॅस्केट डर्बीची जहाजे कँटनपर्यंत गेली. जॉनथन कार्न्सने सुमात्राचे मिरे आणून ७०० टक्के नफा मिळवल्याचे सांगतात. जेकब क्राउनिनशील्ड याने बंगालमध्ये ४५० डॉलरला घेतलेला हत्ती १७९६ मध्ये न्यूयॉर्कला उतरवला. अमेरिकेत आणलेला तो पहिला हत्ती. १८०७ ची व्यापारबंदी व १८१२ चे युद्ध यांनी हा व्यापार खचला. डर्बी धक्का, जकातघर (१८१९) व डर्बीचे घर (१७६२) मिळून १९३८ मध्ये देशातील पहिले राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाले. धक्क्याला ‘फ्रेंडशिप’ या १७९७ च्या जहाजाची प्रतिकृती असते, दुरुस्तीला गेली नसेल तर.

केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून आलेल्या कप्तानांनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी स्थापली. त्यांनी जमवलेल्या चीजवस्तूंतून आजचे पीबॉडी एसेक्स संग्रहालय वाढले (सध्याचे नाव १९९२ पासून). भारतीय वाचकाने सेलममध्ये एकच जागा पाहायची, तर ही. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे व्यक्तिचित्र येथे आहे. अमेरिकन जहाजांचा मुंबईतला व्यवहार ते पाहत. कलकत्त्याच्या बनियांचे मातीचे पूर्णाकृती पुतळेही आहेत. चेस्टर व डेव्हिडा हर्विट्झ यांच्या संग्रहामुळे हुसेन, रझा, तय्यब मेहता या मुंबईत घडलेल्या चित्रकारांची चित्रे येथे आली. चीनच्या आन्ह्वे प्रांतातून उचलून आणलेला ‘यिन यू तांग’ हा वाडा २००३ मध्ये येथे पुन्हा उभारला गेला.

कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न (जन्म १८०४) सेलमचा. चेटूक-खटल्यांतील न्यायाधीश जॉन हॅथॉर्न त्याचा खापरपणजोबा. हत्ती आणणाऱ्या जहाजाची नोंदवही त्याच्या वडिलांनी लिहिलेली. तो स्वतः १८४६–४९ मध्ये जकातघरात अधिकारी होता. त्याच्या कादंबरीमुळे (१८५१) प्रसिद्धी पावलेले सात त्रिकोणी माथ्यांचे टर्नर घर (१६६८) कॅरोलिन एमर्टन हिने १९०८ मध्ये विकत घेतले आणि दर्शकांच्या शुल्कातून स्थलांतरितांसाठी वर्ग चालवले. हॉथॉर्नचे जन्मघरही १९५८ मध्ये हलवून याच आवारात आणले आहे. चेस्टनट स्ट्रीटवरील व्यापाऱ्यांची विटांची घरे व सॅम्युएल मॅकिंटायरचे लाकडी कोरीवकाम अभ्यासकांना विशेष वाटते.

चामडे कमावणे व सुती कापड हे जुने उद्योग. १९१४ च्या आगीत १,३७६ इमारती जळाल्या. पार्कर ब्रदर्सचा खेळांचा कारखाना १९९१ मध्ये बंद पडला. येथे सेलम स्टेट विद्यापीठ (स्था. १८५४) आहे.