फळ्यापासून पाळण्यापर्यंत

लहान मुलांची दृष्टितपासणी आपल्याकडे शाळेच्या वाटेने आली. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९०९ साली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. देशातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तीच मानली जाते. मुंबईच्या उपनगरांत मात्र अशा सेवा देणारी महापालिकाच उशिरा पोचली. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली तिच्या हद्दीत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. मुलाला कमी दिसते हे बहुधा फळ्यामुळेच उघडकीस येई, आणि त्याला पहिल्या बाकावर बसवले की काम भागल्यासारखे वाटे.

साधनही शाळकरी वयाचेच होते. हर्मन स्नेलन या डच डॉक्टरचा १८६२ सालचा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चार दिशांना फिरवलेला इंग्रजी 'ई' आला; त्याचे पाय कुणीकडे ते बोटांनी दाखवायचे. तेही दोन वर्षांच्या पोराला जमत नाही.

खरी अडचण आळशी डोळ्याची. तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत फार फरक असल्याने मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करतो. दुसरा डोळा सगळे निभावून नेतो, म्हणून मूल तक्रार करत नाही आणि घरच्यांना शंकाही येत नाही. दृष्टीची घडण कोवळ्या वयातच होते, हे ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवरील प्रयोगांतून दाखवले. १९८१ साली त्यांना नोबेल मिळाले. चांगला डोळा पट्टीने झाकून आळशी डोळ्याला कामाला लावायचा उपाय जुनाच, पण वयाच्या सात-आठ वर्षांनंतर त्याला गुण कमी येतो. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने (१९७६) पुढे शालेय नेत्रतपासणीत भर दिला तो १० ते १४ वयावर. चष्म्यासाठी हे ठीक, आळशी डोळ्यासाठी फार उशिराचे. त्याहून लहानांना १९७० पासून 'अ' जीवनसत्त्वाचे डोस मिळत होते, पण डोस पाजणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे.

वयाची ही अट सुटली ती बोरिवलीहून विरारच्या पुढे, पालघरला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात आली: अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलविकारही यादीत आहे. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचे दृष्टिपटल जन्मानंतर ३० दिवसांच्या आत पाहायचे असते. इथे तक्ता लागत नाही; औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डॉक्टर आत पाहतात.